कंसातलं नाव
(लोहा येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या घरानं हे व्याख्यान ठेवलं, त्या घरातल्या भावंडांनी मला निमंत्रण देताना एकच अट घातली. ‘आमच्या वडिलांवर बोलू नका, त्यांच्यासारख्यांवर बोला.’ अट मला आवडली. म्हणून त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. तुमच्यातले निम्मे लोक त्यांना ओळखत होते, काहीजण त्यांच्या मातीलाही गेले होते. राहिलेल्यांनी असं समजा की रोज पहाटे उठून कामाला लागलेला, लेकरं शिकवलेला, लेकींची लग्नं लावलेला आणि एक दिवस गेलेला माणूस. लोहा तालुक्यातल्या कुठल्याही गावात, सोनखेडला जा की माळाकोळीला, असा माणूस प्रत्येक आळीत सापडतो.

आपल्या जिल्ह्याला स्मृतिव्याख्यानांची सवय आहे. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 रोजी भर कार्यक्रमात, व्यासपीठावरच गेले. तेव्हापासून त्यांच्या नावानं किती बोललं गेलं, लिहिलं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. पण कुरुंदकरांची पुस्तकं कपाटात आहेत. त्यांची आठवण ठेवायला आपण विसरलो तरी पुस्तकं ती ठेवतील. ज्यानं जन्मभर एक ओळ लिहिली नाही, त्याचं काय करायचं, हा आजचा प्रश्न आहे.

आपण काय करतो ते आधी पाहू. नांदेड-लातूर रस्त्यावर उभे राहा. ‘प्रथम पुण्यस्मरण’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे फलक वर्षभर लागलेले असतात. त्यांवरचा फोटो नीट बघा. बऱ्याचदा तो आधार कार्डावरून किंवा कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून काढलेला असतो. जन्मभर बंडी, धोतर आणि उन्हाळ्यात डोक्याला पंचा याशिवाय ज्यानं काही घातलं नाही, त्याच्या अंगात स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर कोट चढवतो. टायसुद्धा लावतो. लेकरांना त्यात बापाचा मान वाटतो. मला ते बघून हसूही येतं आणि जीवही कासावीस होतो. ज्या कपड्यात त्यानं तुम्हाला वाढवलं, त्या कपड्यात तो तुम्हाला फलकावर चालत नाही?

फोटोखाली मजकूर असतो: कष्टाळू, मनमिळाऊ, प्रेमळ, धार्मिक वृत्तीचे. मागे दोन मुलं, तीन मुली, सुना, जावई, नातवंडं असा परिवार. शोकाकुल समस्त अमुक परिवार. आता दोन फलकांवरची नावं रात्रीतून बदलून टाकली, तर सकाळी फरक कुणाच्या लक्षात येईल? नाव सोडलं तर त्या मजकुरात त्या माणसाचं काहीच नसतं. त्यानं नेमकं कुठलं काम केलं, किती साल चाकरी केली, त्याच्या हाताला काय येत होतं, कुठं त्याचं कर्ज होतं आणि ते त्यानं कसं फेडलं, यातलं एक अक्षर नाही. ‘कष्टाळू’ म्हणून आपण मोकळे होतो आणि कष्ट मात्र कुठंच लिहीत नाही.

बरं, आपण लिहिलं नाही तरी सरकार लिहितं. तिथं काय सापडतं?

माणूस गेला की 21 दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करायची, हा 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा नियम. मृत्यूच्या अहवालाच्या नमुन्यात व्यवसायाचा रकाना असतो, पण तो आकडेवारीच्या भागात. तुमच्या हातात पडणाऱ्या दाखल्यावर तो उतरत नाही. दाखल्यावर नाव, लिंग, मृत्यूची तारीख, ठिकाण, आई-बापाचं नाव, पत्ता. माणूस कुठं मेला हे कागद सांगतो, कशावर जगला हे सांगत नाही.

त्यानंतर तलाठी कार्यालय. वारसांनी तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा. गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आणि सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव कंसात जातं. चाळीस वर्षं ज्या नावानं शेतसारा भरला, सोसायटीचं पीककर्ज उचललं, ज्या नावावर खताची पोती आली, त्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन बाकदार रेघा. खाली नवी नावं. महसूल खात्याच्या दृष्टीनं माणूस संपला तो असा.

घरातला थोरला असेल, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढं कधीकधी ‘ए.कु.मॅ.’ असं दिसतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे भाऊ लहान होते, कुणी शिकायला गेलेला, म्हणून सगळ्यांच्या वतीनं एकाचं नाव लागलं. तो सगळ्यांसाठी राबला, सगळ्यांसाठी कर्जबाजारी झाला. तो गेल्यावर पहिली भांडणं याच तीन अक्षरांवरून होतात. धाकट्याची लेकरं म्हणतात, जमीन आमचीही होती, तुमच्या बापानं नाव लावून घेतलं. थोरल्याची लेकरं म्हणतात, औत कुणी हाकलं? आणि दोघांचंही खरं असतं. तो काय काय करायचा, कुणासाठी करायचा, हे त्याच्या हयातीत कुणी लिहून ठेवलं असतं, तर अर्ध्या दाव्यांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. आठवण ही नुसती भावनेची गोष्ट नाही, हे मी त्यासाठी सांगतोय.

ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याचा तर सातबाराही नाही. सालगड्याचा करार गुढीपाडव्याला व्हायचा, पाडवा ते पाडवा. इतकं धान्य, इतके पैसे, एखादं घोंगडं, एक जोडा. सगळं तोंडी. पुढच्या पाडव्याला दुसरं घर. अशी वीस-वीस घरं बदललेली माणसं आपल्यात होती, आणि त्यांच्या चाकरीचा एक कागद नाही. कुठल्या मालकाच्या बैलाला कुठली खोड, कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यात पाणी तुटतं, हे ज्याला तोंडपाठ होतं, तो गेला आणि ती सगळी माहिती त्याच्याबरोबर गेली. आपल्या लाल कंधारी जनावरांचं कौतुक आज पशुवैद्यक करतात. तांबडा रंग, कामाला चिवट, उन्हाला न दबणारं. पण ही जात राखली कुणी? कुठला गोऱ्हा ठेवायचा आणि कुठला माळेगावच्या यात्रेत विकायचा, हा निर्णय दरवर्षी ज्यांनी घेतला, त्यांनी. आज जातीची नोंद आहे. निर्णय घेणाऱ्यांची नाही.

बहात्तरचा दुष्काळ आठवणारे इथं अजून असतील. लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, आणि खडी फोडून फोडून सोललेले हात. ब्रासच्या मापावर मजुरी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. माप घेणाऱ्याचा हात जरा सैल की घट्ट, यावर घरातली चूल अवलंबून. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्या हातांचे आहेत. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि सगळ्या देशाला 2005 साली जो रोजगार हमी कायदा मिळाला त्याचं मूळ तिथं आहे. त्या तलावांच्या भिंतीवर राबणाऱ्याचं नाव नाही. हजेरीपटावर होतं, नावापुढं अंगठा होता. ते हजेरीपट आज कुठल्या कार्यालयाच्या कुठल्या गठ्ठ्यात आहेत, की वाळवीनं खाल्ले, याची चौकशी कुणी इतिहासाच्या विद्यार्थ्यानं करावी. त्यापेक्षा मोठा प्रबंध मला तरी सुचत नाही.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे, कारण मराठवाड्यात ती टाळून बापाबद्दल बोलता येत नाही. कर्जापायी ज्यांनी जीव दिला, त्यांच्या घरी नंतर एक समिती येते. जिल्ह्याच्या बैठकीत प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार मासिक उत्पन्नाच्या ठेवीत. 2006 सालापासून हीच रचना. मी मदतीच्या विरोधात नाही, रक्कम वाढायला हवी असंच म्हणेन. पण पंचेचाळीस वर्षं घर ओढलेल्या माणसाच्या आयुष्यावर शेवटचा शासकीय शेरा ‘अपात्र’ असा पडतो, तेव्हा त्याच्या लेकराच्या मनात तो शेरा कसा राहतो, याचा विचार त्या बैठकीत कुणी करत नाही. कागदावर अपात्र ठरलेल्या माणसाबद्दल गावानं तरी सविस्तर बोलावं. आपण उलट करतो. तो कसा गेला एवढंच कुजबुजतो, आणि तो कसा जगला हे पार गिळून टाकतो.

आता जरा वेगळीकडं जातो. आपल्याकडं कष्टकरी बापाची आठवण कुणीच ठेवली नाही, असं मात्र नाही. ठेवली होती. लेकींनी ठेवली होती. पहाटे जात्यावर बसून सासुरवाशिणी ज्या ओव्या गायच्या, त्यांत बाप आहे, त्याचं शेत आहे, त्याचे बैल आहेत, त्याचं दारात उभं राहणं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या दोघांनी, त्यांच्या सहकाऱ्यांनी, महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हजाराहून अधिक गावांतून. आज तो ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडं आहे, ऐकायलाही मिळतो. त्यात माजलगावच्या बायकांचे आवाज आहेत. मुलगा शेतात बापाबरोबर असायचा, त्याला गायची गरज पडली नाही. लेक लांब गेलेली, म्हणून तिनं बाप शब्दांत धरून ठेवला. नंतर गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, बायकांचे खांदे वाचले. ते चांगलंच झालं, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. पण बापाची नोंद ठेवणारी एकमेव जागा त्याबरोबर बंद पडली, आणि तिच्या जागी आपण फलक आणला.

आणि त्याच लेकीचं बाप गेल्यावर आपण काय करतो? वारस नोंदीत तिचं नाव लागतं, कारण कायदाच तसा आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तर सांगून टाकलं की 2005 साली बाप हयात होता की नव्हता यानं फरक पडत नाही. मग तेराव्याचं गोडजेवण उरकतं, पाहुणे पांगतात, आणि हळूच विषय निघतो: ताई, एकदा दुय्यम निबंधकाकडं यावं लागेल, हक्कसोडावर सही करायची आहे. माहेर तुटायला नको म्हणून ती सही करते. ज्यांनी बापाला ओवीत ठेवलं, त्यांनाच बापाच्या कागदावरून काढायचं, आणि वर फलकावर ‘तीन मुली’ असं छापायचं! इथं बसलेल्या भावांना माझं बोलणं लागलं असेल, तर लागू द्या.

लेखी आठवणीचं एक उदाहरण आपल्या भाषेत मात्र ठसठशीत आहे. दामोदर रुंजाजी जाधव. नाशिकजवळच्या ओझरचे. जातीनं नेमून दिलेलं येसकराचं काम त्यांच्या वाट्याला आलेलं, त्यातला अपमान आणि मारहाण सोसायला नकार देऊन त्यांनी गाव सोडलं, मुंबई गाठली. बाबासाहेबांच्या चळवळीत मन घातलं. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केली, वडाळ्याच्या चाळीत सहा लेकरं वाढवली. शाळा जेमतेम शिकलेले. निवृत्त झाल्यावर त्यांना रिकामं बसवेना. घरातली चालू यंत्रंसुद्धा ते उघडून दुरुस्त करायला लागले, घरचे वैतागले. तेव्हा धाकट्या मुलानं त्यांच्यासमोर कागद ठेवले आणि म्हटलं, तुमचं आयुष्य लिहा. ते लिहीत गेले. पुढं त्या लिखाणाला मुलानं आकार दिला, आईच्या आणि भावंडांच्या आठवणी जोडल्या, आणि 1993 साली ग्रंथालीनं ‘आमचा बाप आन् आम्ही’ छापलं. तो मुलगा म्हणजे अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव. पुढं ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगावर गेले, राज्यसभेवर गेले. पुस्तक कितीतरी भाषांत पोचलं.

या पुस्तकाबद्दल लोक नेहमी म्हणतात, बघा, गोदीतल्या कामगाराचा मुलगा कुठं पोचला! मला ते वाचन अर्धवट वाटतं. मुलगा कुलगुरू झाला नसता, बँकेत कारकून राहिला असता, तरी त्या बापाचं आयुष्य तेवढंच मोलाचं होतं. कष्टकरी माणसाला आपण त्याच्या मुलाच्या हुद्द्यानं मोजतो. ‘मुलगा इंजिनिअर केला हो त्यानं.’ आणि ज्याचा मुलगा पुण्याला कंपनीत रोजंदारीवर आहे, त्याच्या कष्टाला काय म्हणायचं? वाया गेले म्हणायचे? मला या पुस्तकातली खरी मोठी घटना वाटते ती म्हणजे समोर ठेवलेले ते कोरे कागद. बाप जिवंत असताना, त्याच्या हातात, त्याच्या शब्दांत. आपण बहुतेकांनी ते केलेलं नाही. आणि बापानंही ते होऊ दिलं नसतं, हेही खरं. ‘माझं काय लिहायचं रे’ म्हणून त्यानं बिडी पेटवली असती.

आपल्याच भागात केशवराव धोंडग्यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं, गुराखीगडावर. विधानसभा आणि लोकसभा गाजवलेला हा कंधारचा माणूस, शंभरी पार करून 1 जानेवारी 2023 रोजी गेला. त्यांच्या या संमेलनाची तेव्हा बऱ्याच विद्वानांनी थट्टा केली. मला त्यामागचा विचार पक्का वाटतो. ढोरं राखणाऱ्याकडंही सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते त्याच्याच तोंडून यावं, हे म्हणायला हिंमत लागते.

आता घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल, आईबद्दल. ऊसतोडीला आपल्या मुखेड-कंधार-लोह्याकडून माणसं जातात, तेव्हा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते, हिशेबही त्याच्याशी होतो. तोडणी त्याची, मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत वाहणं बहुतेक तिचं, आणि कोपीवर परतल्यावर भाकरी तिची. रोजगार हमीच्या हजेरीपटावर निदान बाईचं नाव वेगळं असायचं, मजुरी तिच्या अंगठ्यावर मिळायची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी आपणहून बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवलं, आणि 1992 साली सरकारनंही त्यासाठी निर्णय काढला. किती घरांनी केलं ते तुम्ही आपापल्या घरचा उतारा काढून बघा. ‘कष्टाळू बाप’ असं म्हणताना आपण निम्मं काम दुसऱ्याच्या खात्यातून उचलून त्याच्या खात्यात टाकत असतो, आणि तो हयात असता तर त्यानंच ते कबूल केलं असतं. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) दिवशी शेतात कोपीपुढं भज्जी, आंबील, उंडे वाढताना गावभरच्या लोकांना तो ओढून ओढून जेवायला बसवायचा. मोठ्या मनाचा म्हणून त्याचं नाव झालं. पण भज्जी शिजवायला ती आदल्या रात्रभर जागलेली असायची.

बापाचं सगळंच गोड लिहावं असं मी म्हणत नाही. काही बाप दारू पीत. काही हात उगारत. काहींनी एका लेकराला शिकवलं आणि दुसऱ्याला औताला जुंपलं, आणि ज्याला जुंपलं त्याला त्याचं कारण कधी सांगितलं नाही. तेही लिहिलं पाहिजे. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हा रिवाज तेरा दिवसांसाठी ठीक आहे. त्यानंतर खरं बोलावं, कारण जो माणूस फक्त गुणांचा उरतो, त्याच्यापाशी त्याच्या नातवंडांना काही विचारताच येत नाही. आणि वर्षानुवर्षं मनात ठेवलेला राग लिहिताना पुष्कळदा कळतं की त्या वर्षी पाऊसच नव्हता, सोसायटीचा तगादा होता, आणि बाप तिशीचाही नव्हता.

व्याख्यान संपलं की लोक विचारतात, मग करायचं काय. सांगतो. लोह्यातल्या आणि तालुक्यातल्या ज्या घरात यंदा कुणी गेलं असेल, त्यांना वारस नोंदीच्या अर्जासाठी तीन महिने असतात. तलाठ्याकडं जाण्याच्या आधी शंभर पानी वही विकत घ्या. आई असेल तर आईजवळ बसा, चुलते असतील तर त्यांच्याजवळ, आणि बहिणींना त्यासाठीच एकदा माहेरी बोलवा, सहीसाठी नव्हे. कोणत्या साली कुणाकडं चाकरी, बैलजोड्यांची नावं आणि किमती, कर्ज कुणाचं आणि ते कसं फिटलं, बहात्तर साली कुठल्या कामावर, लेकरांच्या फीचे पैसे कुठून आले, कुणाशी का बोलणं तुटलं, हे सगळं त्यांच्या बोलीत उतरवा. शुद्धलेखन तपासू नका. वह्या पुढच्या वर्षी या व्याख्यानाला घेऊन या. वाचनालयात त्यांच्यासाठी एक कपाट मागण्याचं काम माझ्याकडं, आणि ते मिळालं नाही तर कपाट मी माझ्या पैशानं आणून ठेवीन.